तक्रारीचा कागद कुठे जातो?

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त, कल्याणजवळ शहाड-मोहोन्याच्या बाजूला, भिवंडीच्या यंत्रमागांवर आपल्यापैकी पुष्कळांनी कामे केली आहेत. कुणी अजून करत आहेत. काम म्हटले की कुरबुर आलीच. कुणाचा पगार थकतो. कुणाला न सांगता घरी बसवतात. कुणाचा फंड कापतात, पण भरत नाहीत. मग माणूस कामगार कचेरीची पायरी चढतो, अर्ज देतो आणि घरी येऊन सांगतो, "दिला बुवा अर्ज. आता बघू काय होतंय ते."

पण अर्ज दिल्यावर त्या कागदाचे होते काय? तो कुठे जातो? कोण वाचतो? दहा वर्षांनी विचारले तर सापडतो का? या पाठात आपण त्या कागदाच्या मागोमाग जाऊ. कामगार कचेरीचे दप्तर कसे असते, ते खरे आणि नीट का ठेवायचे, आणि ते बिघडले तर नुकसान कुणाचे होते, हे पाहू. लिहिता-वाचता येऊ लागलेल्या माणसाने हे जरूर समजून घ्यावे. कारण आता कागदावर काय लिहिले आहे ते त्याला स्वतःला वाचता येते.

१. ठाण्यात जन्मलेल्या माणसाचा अर्ज

आधी एक जुनी हकीकत ऐका. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. ते महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी होते. 'दीनबंधु' हे पत्र त्यांनी चालवले. मुंबईच्या कापड गिरण्यांत तेव्हा उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती.

१८८४ साली कारखान्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने एक कमिशन नेमले. लोखंड्यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या कागदावर उतरवल्या. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या. या अर्जावर साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्या होत्या. पुढे सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आता विचार करा. त्या सभांना हजर असलेला एकही माणूस आज हयात नाही. मग त्यांनी काय मागितले हे आपण कशावरून सांगतो? कागदावरून. मागण्या लिहिल्या गेल्या, तारीख पडली, सह्या झाल्या, कागद सरकारात दाखल झाला आणि जपला गेला. सभेतली भाषणे वाऱ्यावर गेली. अर्ज राहिला.

२. कामगार कचेरी कशी आली

पहिल्या महायुद्धानंतर महागाई वाढली. संप वाढले. मालक म्हणत, पगार पुरेसा आहे. कामगार म्हणत, पोट भरत नाही. खरे काय, हे कळायला हिशेब हवा होता. म्हणून १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस उघडले. त्याच वर्षी 'लेबर गॅझेट' नावाचे मासिक सुरू झाले. धान्याचे भाव किती, मजुरी किती, संप कुठे झाला, किती दिवस चालला, याच्या नोंदी त्यात छापून येऊ लागल्या. म्हणजे नोंद ठेवणे हे या खात्याचे पहिल्या दिवसापासूनचे काम आहे.

१९३४ च्या मुंबईच्या कायद्याने कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी लेबर ऑफिसर नेमण्यात आला. नंतर १९४७ साली औद्योगिक विवाद अधिनियम आला. त्यात समेट अधिकारी होता. समेट अधिकारी निकाल देत नाही. तो मालक आणि कामगार यांना समोरासमोर बसवतो, दोघांचे ऐकतो, तडजोड घडवतो. तडजोड झाली तर करार लिहून घेतो. नाही झाली तर तसा अहवाल लिहून पाठवतो.

हा १९४७ चा कायदा खूप वर्षे चालला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार नव्या कामगार संहिता लागू केल्या. १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. समेट अधिकारी मात्र नव्या संहितेतही आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. कायदे बदलतात. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. कारकून निवृत्त होतात. खोलीत बसून झालेले बोलणे पुढच्या माणसाला ठाऊक नसते. त्याच्या हाती फक्त कागद येतो. कागदात जेवढे असेल तेवढेच त्याच्या दृष्टीने घडलेले असते.

३. कागदाचा प्रवास

अर्ज कचेरीत गेला की पहिला थांबा बारनिशी. इथे आवक वही असते. वहीत अर्जाला नंबर मिळतो, तारीख पडते, कुणाचा अर्ज, कशाबद्दल, हे एका ओळीत लिहिले जाते. आपल्या प्रतीवर गोल शिक्का मारून देतात. हीच पोच. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

मग अर्ज ज्या कारकुनाकडे ते काम असेल त्याच्याकडे जातो. त्याच्या कार्यविवरण वहीत त्याची नोंद होते. प्रकरणाची एक नस्ती तयार होते. नस्ती म्हणजे फाईल. तिच्यात दोन भाग असतात. एका भागात बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले कागद. दुसऱ्या भागात कचेरीने लिहिलेल्या टिपण्या.

नंतर मालकाला नोटीस जाते. तारखा पडतात. प्रत्येक तारखेला काय झाले ते लिहिले जाते. कोर्टात याला रोजनामा म्हणतात. कोण हजर होते, कोण नव्हते, कुणी काय कागद दिला, पुढची तारीख कोणती, हे सारे त्यात येते.

शेवटी समेट होतो किंवा होत नाही. झाला तर करारावर दोघांच्या सह्या होतात. नाही झाला तर अहवाल पुढे जातो आणि वाद न्यायाधिकरणापुढे नेता येतो. नव्या संहितेत या अहवालानंतर न्यायाधिकरणाकडे जायला ९० दिवसांची मुदत आहे. आणि वाद उत्पन्न झाल्याला दोन वर्षे उलटली तर समेटाची बोलणी होत नाहीत. म्हणजे अर्जावर पडलेला तारखेचा शिक्का म्हणजे नुसती शाई नव्हे. आपण मुदतीत आलो होतो, याची ती साक्ष आहे. आपल्या प्रकरणाला कोणती मुदत लागू आहे, हे कचेरीत पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

सरकारी कचेऱ्यांतून कागद लावण्याची एक जुनी रीत आहे. तिला सहा गठ्ठ्यांची पद्धत म्हणतात. ज्यावर काम करायचे ते कागद एका गठ्ठ्यात. ज्यांच्या उत्तराची वाट पाहायची ते दुसऱ्यात. ठराविक मुदतीने पाठवायची पत्रके तिसऱ्यात. कायमचे हुकूम चौथ्यात. अभिलेख कक्षात पाठवायचे ते पाचव्यात. मुदत संपून नष्ट करायचे ते सहाव्यात. कोणता कागद किती वर्षे ठेवायचा, त्याचेही वर्ग पाडलेले असतात. 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवायचा. 'ब' वर्गाचा तीस वर्षे. बाकीचे त्याहून कमी. सरकारी कागद मनाला येईल तसा फाडता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे.

पद्धत अशी चांगली आहे. पण लहान कचेरीत माणसे थोडी आणि अर्ज ढीगभर. मग 'नंतर लिहू' म्हणून कागद टेबलावर राहतो. नंतर म्हणजे कधीच नाही. ज्या दिवशी तारीख झाली त्याच दिवशी चार ओळी लिहिल्या तर पाच मिनिटे लागतात. महिन्याने लिहायचे म्हटले तर आठवून आठवून लिहावे लागते, आणि आठवणीत भेसळ होते.

४. खऱ्या नोंदीचे पाच नियम

पहिला नियम: नाव एकच. एकाच माणसाचे नाव हजेरीत 'गणपत', फंडाच्या कागदात 'गनपत', बँकेत 'गणू' असे असते. कारकुनाला ही तीन माणसे वाटतात. म्हणून अर्जावर पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि तिकीट नंबर लिहावा. दुसऱ्या कागदावर नाव वेगळे असेल तर तेही सांगावे आणि नस्तीत तशी नोंद करून घ्यावी.

दुसरा नियम: दोन तारखा. गोष्ट घडली ती एक तारीख. ती लिहिली ती दुसरी. "५ तारखेला कामावर घेतले नाही, हे १२ तारखेला लिहून दिले." दोन्ही तारखा हव्यात. 'मागच्या महिन्यात' किंवा 'दिवाळीच्या सुमारास' असे लिहिले तर पुढे कोणते वर्ष, हेच कळत नाही.

तिसरा नियम: जे घडले ते लिहावे, मनात आले ते नव्हे. "मालक लबाड आहे, टाळाटाळ करतो" ही नोंद नव्हे. "नोटीस पोचल्याची पावती आहे. आज मालकातर्फे कुणी हजर नाही. ही दुसरी गैरहजेरी" ही नोंद झाली. तशीच "कामगार भांडखोर दिसतो" हीही नोंद नव्हे. दप्तर कुणाची बाजू घेत नाही. ज्या मालकाने पैसे चुकते केले त्याची पावती नस्तीत असली पाहिजे. ज्याने केले नाहीत त्याचीही गोष्ट तिथे दिसली पाहिजे.

चौथा नियम: खाडाखोड नाही. लिहिण्यात चूक झाली तर तिच्यावर एक सरळ रेघ मारावी. खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. शेजारी बरोबर मजकूर, तारीख आणि सही. ब्लेडने खरवडणे, पांढरा रंग लावणे, पान फाडून नवे चिकटवणे, हे कधीही करू नये. पुष्कळांना वाटते, जुनी चूक पुसली की दप्तर स्वच्छ झाले. तसे नाही. चूक काय होती, कुणी पाहिली, कधी दुरुस्त केली, हेसुद्धा त्या प्रकरणात घडलेलेच आहे.

याच नियमात आणखी एक गोष्ट येते. कारखान्याची मालकी बदलते, पाटीवरचे नाव बदलते. म्हणून जुन्या नस्तीवर नवे नाव चिकटवायचे नाही. जुने नाव तसेच ठेवायचे. त्याखाली लिहायचे, "अमुक तारखेपासून नाव असे झाले." असे केले तरच कळते, की वीस वर्षांपूर्वी एका नावाच्या कारखान्यात लागलेला माणूस आणि आज दुसऱ्या नावाच्या कारखान्यातून निघालेला माणूस एकच आहे, आणि त्याची नोकरी सलग आहे.

पाचवा नियम: शेवट लिहावा. 'प्रकरण निकाली' एवढे लिहून भागत नाही. निकाली म्हणजे काय? तडजोड झाली? अर्ज मागे घेतला? कामगार आलाच नाही? रक्कम ठरली तर किती? ती मिळाली का? कोणत्या तारखेला? प्रकरण कोर्टात गेले तर तिथला नंबर काय? कोर्टाने एक निकाल दिला आणि वरच्या कोर्टाने तो फिरवला, तर दोन्ही निकाल नस्तीत हवेत. नाहीतर दहा वर्षांनी कुणी फक्त पहिला निकाल वाचील आणि तोच खरा धरून दुसऱ्या माणसावर अन्याय करील. अर्धी नोंद ही कधीकधी नोंद नसण्यापेक्षा वाईट. नोंद नसेल तर माणूस शोध तरी घेतो. अर्धी असेल तर तिच्यावर विसंबून राहतो.

५. एका तारखेची किंमत

"चार-दोन वर्षांचा फरक पडला तर काय बिघडतं?" असे कुणी विचारील. बिघडते. हिशेब करून पाहू.

नोकरी सुटताना मिळणाऱ्या उपदानाला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो. त्याचा कायदा १९७२ साली झाला. नेहमीची रीत अशी. शेवटचा महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता धरायचा. त्याला २६ ने भागले की एका दिवसाचा पगार निघतो. असे १५ दिवसांचे पैसे, नोकरीच्या दर वर्षाला.

समजा, एका कामगाराचा असा पगार १३,००० रुपये आहे.

एक दिवस: १३,००० भागिले २६ = ५०० रुपये.
पंधरा दिवस: ५०० गुणिले १५ = ७,५०० रुपये.

तो जून २००२ मध्ये लागला आणि जून २०२४ मध्ये सुटला. वर्षे झाली २२.

७,५०० गुणिले २२ = १,६५,००० रुपये.

पण कारखान्याच्या वहीत त्याची तारीख जून २०१० लिहिली आहे. आधीची आठ वर्षे तो कंत्राटदाराकडे होता असे दाखवले आहे. मग वर्षे झाली १४.

७,५०० गुणिले १४ = १,०५,००० रुपये.

फरक ६०,००० रुपये. एका तारखेची ही किंमत.

आता समजा, याच कामगाराने २००६ साली थकलेल्या पगाराबद्दल कामगार कचेरीत अर्ज दिला होता. त्या नस्तीत कारखान्याचे उत्तर आहे, आणि त्या उत्तरात 'आमचा कामगार' असे शब्द आहेत. त्यावेळचे भांडण हजार-दोन हजारांचे असेल. ते मिटूनही गेले असेल. पण अठरा वर्षांनी तोच कागद सांगतो, की २००६ साली हा माणूस इथेच कामाला होता. म्हणून मिटलेल्या प्रकरणाचा कागद रद्दी समजू नये. तो पुढे कोणत्या प्रश्नाला उत्तर देईल, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

दिवसांच्या हिशेबाचेही असेच. १९४७ च्या कायद्यात, बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले तर ते एक वर्षाची सलग नोकरी धरत. पण भरले हे सिद्ध कुणी करायचे? सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका खटल्यात सांगितले, की ते दाखवण्याची जबाबदारी कामगाराची आहे, आणि त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र एवढ्यावर ते सिद्ध होत नाही. पगाराची पावती, हजेरी कार्ड, नेमणुकीचा कागद, असे काही लागते. "मी खरं सांगतोय हो साहेब," एवढे म्हणून चालत नाही.

याहून जड प्रसंग असतात. डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.त २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले. माणसे दगावली. अशा वेळी पहिला प्रश्न येतो, आत किती जण होते आणि कोण कोण होते? त्याचे उत्तर हजेरीपुस्तकात असते. नुकसानभरपाई ठरवताना माणसाचे वय आणि पगार विचारतात. त्याचेही उत्तर कागदातच असते. जो कंत्राटी कामगार कोणत्याच वहीत नाही, त्याच्या बायकोला आधी हे सिद्ध करावे लागते, की आपला माणूस तिथे कामाला होता. दुःखात ही आणखी एक फरपट.

६. गिरणी गेली, नोंद उरली

जुन्या नोंदीचे मोल किती असते, ते मुंबईच्या गिरणी कामगारांनी पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. कुणी गावी गेले. पुष्कळजण स्वस्त घर शोधत कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडे आले.

पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा कामगारांना घरे देण्याची योजना आली. म्हाडाने २०१२ साली मोठी सोडत काढली. पुढेही सोडती निघाल्या. पण घर कुणाला? जो १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता त्याला, किंवा त्याच्या वारसाला. हे दाखवायचे कशाने?

२०२३ साली कामगार खाते आणि म्हाडा यांनी सुमारे दीड लाख कामगार व वारसांची पात्रता ठरवण्याची मोहीम घेतली. तेव्हा मागितलेल्या कागदांची नावे पाहा. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, रजेच्या वहीची प्रत, पगाराची पावती, फंडाचा नंबर, राज्य विमा योजनेचा नंबर. चाळीस वर्षांपूर्वीचे कागद! ज्यांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी लाल पास जपलेला होता, त्यांची वाट सोपी झाली. ज्यांचा पावसात भिजला, घर बदलताना हरवला, त्यांना जुन्या दप्तरांचा शोध घेत फिरावे लागले. बाप वारलेला, गिरणीची चिमणी पाडलेली, तिथे उंच इमारती उभ्या. अशा वेळी मुलाला आधार कुणाचा? पूर्वी कधीतरी कुणा कारकुनाने वहीत नाव आणि नंबर नीट लिहिला असेल, तर त्या ओळीचा.

त्या कारकुनाला तेव्हा ठाऊक नव्हते, की या ओळीवर पुढे कुणाचे तरी घर उभे राहील. त्याने फक्त आपले काम नीट केले.

७. कागदाचे शत्रू

कागदाला शत्रू पुष्कळ. आपल्या ठाणे-कल्याणच्या हवेत ओल असते. पावसाळ्यात गठ्ठ्यांना बुरशी येते. वाळवी तर आहेच. २६ जुलै २००५ चा पाऊस कल्याणकरांना सांगायला नको. उल्हास नदीचे पाणी वस्तीत शिरले. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयालाच आग लागली आणि सरकारच्या पुष्कळ फायली जळाल्या. म्हणून दप्तर जमिनीवर ठेवू नये, भिंतीला टेकवू नये, फडताळात उंच ठेवावे. आणि महत्त्वाच्या कागदाच्या प्रती दोन ठिकाणी असाव्यात.

आता संगणक आले. कागदाचे चित्र काढून ठेवता येते. ते उत्तमच. पण एक ध्यानात असू द्या. चुकीची नोंद संगणकात घातली तर ती बरोबर होत नाही. ती चूकच राहते, फक्त लवकर सापडते. नाव, नंबर, तारीख तपासूनच आत घालावी. आणि चित्र काढले म्हणून मूळ कागद मुदतीआधी फेकू नये.

पण कागदाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बेफिकिरी. पुराने एका दिवसात नासते. बेफिकिरीने रोज थोडे थोडे नासते, आणि ते कुणाला दिसत नाही.

८. आपल्या हाती काय आहे

"हे सगळं कचेरीवाल्यांचं काम. आम्ही काय करणार?" असे म्हणू नका. अर्धे दप्तर आपल्या घरी असते.

घरात एक पिशवी करा. तिच्यात नेमणुकीचा कागद, पगाराच्या पावत्या, फंडाचा आणि विम्याचा नंबर, अर्जांच्या शिक्क्याच्या प्रती ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, छापील प्रत द्या. पावती मिळत नसेल तर एका वहीत रोजची हजेरी आणि मिळालेले पैसे तारखेसह लिहा. एकटी वही कोर्टात पुरी पडेलच असे नाही, पण तुमची आठवण पक्की राहील. घरच्या माणसांना, विशेषतः बायकोला, पिशवी कुठे आहे ते सांगून ठेवा.

सही करण्याआधी वाचा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही नाही. तारखेला काय लिहिले ते वाचून दाखवा म्हणा. चुकले असेल तर तिथेच सांगा. साहेबांशी अदबीने बोलावे, पण वाचल्याशिवाय सही करू नये.

आपल्या प्रकरणाचे कागद पाहिजे असतील तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्जात आवक नंबर आणि तारीख घातली तर कागद लवकर सापडतो.

लोखंड्यांच्या काळी अर्जावर सही करणाऱ्यांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत असेल. आपल्याला आता स्वतः वाचता येतो, स्वतः लिहिता येतो. ज्या हाताने काम केले त्याच हाताने त्या कामाची नोंद ठेवावी. आणि ज्याच्या हाती कचेरीची वही आहे त्याने प्रत्येक ओळ अशी लिहावी, की आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाला ती वाचून खरे ते कळेल.

अर्जाचा नमुना

मा. सरकारी कामगार अधिकारी यांस,
कामगार कार्यालय, ..........
तारीख: ..........

विषय: थकलेला पगार मिळण्याबद्दल.

मी, (पूर्ण नाव) .........., राहणार .........., आपणांस विनंती करतो/करते की, मी (कारखान्याचे नाव व पत्ता) .......... येथे तारीख .......... पासून (कामाचे नाव) .......... म्हणून कामाला आहे. माझा तिकीट नंबर .......... आहे. मला महिना .......... रुपये पगार आहे. तारीख .......... ते .......... पर्यंतचा पगार, एकूण .......... रुपये, मला मिळालेला नाही. मी तारीख .......... रोजी मागणी केली होती. तरी चौकशी होऊन पगार मिळावा, ही विनंती.

सोबत जोडलेल्या प्रती: १) .......... २) ..........

आपला/आपली,
(सही व पूर्ण नाव)

शब्दांचे अर्थ

बारनिशी: आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद करण्याची जागा
नस्ती: एका प्रकरणाच्या सर्व कागदांची फाईल
रोजनामा: प्रत्येक तारखेला काय घडले याची नोंद
समेट: दोन्ही बाजूंना मान्य झालेली तडजोड
पोच: कागद मिळाल्याची शिक्क्याची खूण
उपदान: नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, ग्रॅच्युइटी
अभिलेख कक्ष: जुने कागद ठेवण्याची खोली

प्रश्न

१) लोखंड्यांच्या १८८४ च्या अर्जात कोणत्या मागण्या होत्या?
२) अर्ज दिल्यावर पोच का घ्यावी?
३) नोंदीत चूक झाली तर ती कशी दुरुस्त करावी?
४) 'प्रकरण निकाली' एवढेच लिहिणे पुरे का नाही?
५) एका कामगाराचा शेवटचा पगार १५,६०० रुपये आहे आणि नोकरी १० वर्षे झाली. त्याचे उपदान किती होईल? कागदावर नोकरी ७ वर्षेच दाखवली तर त्याचे किती नुकसान होईल?

करून पाहा

वरचा नमुना आपल्या वहीत उतरवून घ्या. मोकळ्या जागा स्वतःच्या माहितीने भरा. मग शेजाऱ्याला वाचायला द्या. तुम्ही तोंडाने काही न सांगता त्याला सारे कळले, तर तुमचा कागद बरोबर झाला.